एकवीस नंबरचा दात, सतरा वर्षांचा मुलगा

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी माण तालुक्यातल्या एका गावातून तिघं माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. सतरा वर्षं दोन महिन्यांचा मुलगा, त्याची आई आणि फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला चुलता. शुक्रवारी यात्रेच्या कबड्डी सामन्यात पकड करताना समोरच्याचा गुडघा मुलाच्या तोंडावर बसला होता. वरच्या दोन मधल्या पटाशींपैकी डावी मुळासकट बाहेर आली, उजवीचा कोपरा उडाला. आमच्या भाषेत एकवीस नंबर गेला आणि अकरा नंबर तुटला. वरच्या उजव्या भागाला एक, डाव्याला दोन, आणि मग मधल्या रेषेपासून मोजत जायचं. त्या हिशेबानं अकरा आणि एकवीस या मधल्या पटाशी, बारा आणि बावीस त्यांच्या बाजूचे लहान दात. पुढे हेच आकडे वापरते.

निघालेला दात कुठे आहे, असं विचारलं. आई चुलत्याकडे बघायला लागली. दात सापडला होता, पोरांनी रुमालात बांधून घरी आणलाही होता. आजीनं तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकला, दुधाचा दात पडल्यावर फेकतात तसा. “नवा येईल म्हणाल्या,” आई म्हणाली.

आजीला दोष देण्यात अर्थ नाही. मैदानावर पन्नास-साठ माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मळला असेल तर दुधात क्षणभर विसळायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवायचा. बसवता आला नाही, तर दुधाच्या पेल्यात घालून दवाखाना गाठायचा. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. तासानंतरही दात परत बसवण्यात फायदा असतो, कारण तो काही वर्षं तरी हाड धरून ठेवतो. पण तीन दिवस शेणात आणि उन्हात राहिलेला दात मी कुणाच्या तोंडात घातला नसता.

तपासणीत हाती लागलं ते असं. एकवीसची खाच भरत आलेली, जखमेत पू नाही. पण ओठाकडची हाडाची भिंत बोटाला दबलेली लागत होती. ही भिंत मुळातच कागदासारखी असते, बहुतेकांत एक मिलिमीटरसुद्धा नसते. अकराचा बाराकडचा कोपरा साधारण दोन मिलिमीटर तुटलेला, आतली पिवळसर झाक दिसत होती, पण नस उघडी नव्हती. थंड लावलं तर दात उशिरा आणि अंधूक बोलला. बारा आणि बावीस अगदी निरोगी. कीड कुठेच नाही. चावा चांगला, वरचे दात खालच्यांवर दोनच मिलिमीटर उतरलेले. हसताना हिरडीची फक्त टोकं दिसत होती. एकवीसची मोकळी जागा साडेआठ मिलिमीटर, अकराच्या रुंदीइतकीच. तंबाखू नाही, गुटखा नाही. आमच्या भागात हे वेगळं लिहून ठेवावं लागतं.

आई म्हणाली, “मॅडम, काढ-घाल नको. पक्का दात बसवा.” मुलगा काहीच बोलला नाही, तोंडावर हात धरून बसून होता. खुर्चीवरून उठताना मात्र त्यानं विचारलं, “भरतीत चालतंय का हे?”

खरं दुखणं इथं होतं. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात मुलगा सतराचा झाला की घरात अग्निवीरची चर्चा सुरू होते. साडेसतरापासून वय बसतं. हा रोज पहाटे सोळाशे मीटर पळत होता. दात गेला म्हणजे वर्दी गेली, असं त्यानं तीन दिवसांत ठरवून टाकलं होतं.

सुभेदारांना दातांच्या गुणांचा नियम माहीत होता, पण हिशेब करायला ते धजत नव्हते. तो आम्ही पाटीवर केला. सैन्यात वरचा दात आणि त्याला भिडणारा खालचा दात अशी जोडी धरून गुण देतात. पटाशी, सुळे आणि उपदाढा यांच्या जोडीला एक गुण, दाढांच्या जोडीला दोन. सगळं शाबूत असेल तर २२ होतात. लागतात १४. त्याशिवाय प्रत्येक जबड्यात पुढच्या सहापैकी चार आणि मागच्या दहापैकी सहा दात समोरासमोर कामाचे हवेत. याच्या अक्कलदाढा आलेल्या नाहीत, ते चार गुण वजा. एकवीसचा एक वजा. उरले १७. सुभेदारांनी पाटी दोनदा वाचली आणि पुतण्याच्या पाठीत एक धपका घातला. उपचाराआधीच निम्मा उपचार झाला. शिवाय मला मोकळीक मिळाली. आता भरतीच्या तारखेवर नव्हे, दाताच्या सोयीनं निर्णय घेता येणार होता.

पहिले तीन महिने

अकराचा कोपरा त्याच दिवशी दाताच्या रंगाच्या मसाल्यानं बांधला. एकवीसच्या जागी मात्र काहीही पक्कं करायचं नाही, असं मी सांगितलं, आणि आईचा चेहरा उतरला. कारण होता अकरा. मार लागलेल्या दाताची नस लगेच मरत नाही, काही आठवडे चाचपडते. कधी सावरते, कधी गुपचूप जाते. नवा दात कशाच्या आधारानं उभा करायचा हे अकराच्या तब्येतीवर ठरणार होतं.

तोवर काय? सर्रास दिली जाते ती एका दाताची प्लॅस्टिकची कवळी, टाळूला चिकटणारी, तारेचा आकडा असलेली. दोन दिवसांत होते, दीड-दोन हजारांत बसते. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला ती द्यायला माझा हात धजत नाही. धक्क्यानं निसटून घशात गेली तर श्वासनलिकेत अडकू शकते, आणि हे प्लॅस्टिक साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. म्हणून पारदर्शक पातळ ट्रे केला, वरच्या सगळ्या दातांवर टोपीसारखा बसणारा, आणि त्यात एकवीसच्या जागी दात भरला. जेवताना काढायचा, कॉलेजला जाताना घालायचा, खेळताना अजिबात नाही.

ट्रे घातल्याबरोबर त्याला ‘चमचा’ म्हणायला लावलं. तीन दिवस तो ‘च’ नीट काढू शकत नव्हता. मराठीतला हा दंत्य ‘च’ म्हणजे ‘चमचा’, ‘चाक’ यांतला, जिभेचं टोक पुढच्या दातांच्या मागं टेकवून काढायचा असतो, आणि तिथंच भोक होतं. गंमत अशी की ‘कबड्डी’ या शब्दाला पुढच्या दातांचं काहीच काम नाही. घसा, ओठ आणि टाळू एवढ्यावर दम भागतो.

दर दोन-तीन आठवड्यांनी ट्रेमधल्या दाताच्या बुडाला थोडा थोडा मसाला चढवत गेले. तो हिरडीला हलका दाब देतो आणि हिरडी त्याच्याभोवती वाटीसारखी वळते. पुढे बसणारा दात हिरडीवर ठेवल्यासारखा न दिसता तिच्यातून उगवल्यासारखा दिसतो तो या वाटीमुळे. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. पण पुढच्या दातात लोकांची नजर चुकते ती दातावर नाही, हिरडीच्या रेषेवर.

अकरा आठव्या आठवड्यात थंडीला चटकन बोलायला लागला. बाराव्या आठवड्यातही तसाच. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काही नाही.

ब्रिज का नाही

याच काळात मी हे प्रकरण एका ज्येष्ठ दंतवैद्य स्नेह्यांपुढे ठेवलं. त्यांचं मत सरळ होतं. अकरा तुटलेलाच आहे, आज ना उद्या त्याला कॅप लागणार. मग अकरा आणि बावीस घासून तीन दातांचा ब्रिज करून टाक, म्हणजे त्या दोघांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात. दहा दिवसांत मुलगा मोकळा, आई खूश. या सल्ल्याला हसण्यासारखं काही नाही. मुलगा पंचेचाळीसचा असता आणि शेजारच्या दातांत मोठमोठी भरणं असती, तर मीही तेच केलं असतं.

पण पूर्ण कॅपसाठी दात घासायचा म्हणजे किती? एडेलहॉफ आणि सोरेनसन यांनी २००२ मध्ये हे वजन करून मोजलं होतं. दाताच्या वरच्या भागाचा ६३ ते ७२ टक्के ऐवज जातो. सतराव्या वर्षी दाताच्या पोटातली नसेची पोकळी अजून मोठी असते, त्यामुळे एवढं घासताना नस दुखावण्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त. अकराचे दोन मिलिमीटर गेले होते, बावीसचा तर एक कणही नाही. एका गेलेल्या दातासाठी दोन जिवंत दात घासायचे, आणि ब्रिज साधारण दहा-पंधरा वर्षं टिकला असं धरलं तरी तिशीत हा मुलगा पुन्हा कुणाच्या तरी खुर्चीत. तेव्हा त्या दोघांपैकी एखाद्याचा रूट कॅनाल झालेला असेल आणि मग चौथा दात पकडायची वेळ येईल. घासलेला दात परत उगवत नाही, मग आजीनं काहीही केलं तरी.

इम्प्लांट आत्ता का नाही

सुभेदारांनी मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. पैशाचीही तयारी होती. “एकदाच काय ते होऊ द्या. स्क्रू बसवा.”

इथं थांबून नीट सांगावं लागतं, कारण जाहिरातीत हे येत नाही. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मध्ये धाग्यांची पातळ गादी असते, तिच्यामुळे जबडा वाढतो तसा दात हाड-हिरडीसकट हळूहळू खाली उतरत राहतो. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या स्क्रूला, ही गादी नसते. तो हाडात रुतलेला, जिथं बसवला तिथंच राहतो. सतराव्या वर्षी बसवला तर शेजारचे दात पुढची काही वर्षं खाली सरकत राहतात आणि मधला तिथंच. बाविसाव्या वर्षी तो दात आखूड दिसतो, हिरडीची रेषा वर चढलेली. ओठ दाबून हसायची सवय लागते. कॅप लांब करता येते, हिरडी खाली आणता येत नाही. मुलांत वाढ मुलींपेक्षा उशिरापर्यंत चालते. विशीनंतरही ती पूर्ण थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून वाढ जवळपास थांबली असं सहा महिने-वर्षाच्या अंतरानं काढलेले डोक्याचे बाजूचे एक्स-रे एकमेकांवर ठेवून दिसलं, तरच इम्प्लांटचा विचार.

थांबण्याचीही किंमत आहे आणि ती लपवली नाही. दात गेल्यावर वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. याची पुढची भिंत तर आधीच दबलेली. म्हणजे चार-पाच वर्षांनी इम्प्लांट करायचा तर बहुधा आधी हाड भरावं लागेल, खर्च आणि महिने दोन्ही वाढतील. सुभेदार म्हणाले, “म्हणजे आत्ता केला तर आखूड होणार, नंतर केला तर हाड नाही.” इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दोन वाटा विचारात घेतल्या आणि सोडल्या. तारा लावून बावीस मध्ये सरकवायचा, तर तो साडेसहा मिलिमीटरचा दात साडेआठच्या जागी येणार आणि बाकी चांगला असलेला चावा मोडणार. स्वतःचीच उपदाढ काढून तिथं रोवणं हा सुंदर उपचार आहे, पण तिचं मूळ अर्धं-पाऊण तयार असतानाच, म्हणजे दहा ते तेराच्या आसपास. तो काळ गेला होता.

एका पंखाचा दात

उरला तो पंखाचा ब्रिज. खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या टाळूकडच्या बाजूला चिकटवतात. कल्पना जुनी आहे. रोशेट यांनी १९७३ मध्ये भोकं पाडलेली धातूची पट्टी चिकटवली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँड विद्यापीठात धातू आम्लानं खरवडून पकड वाढवली, तेव्हापासून त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात. त्याची बदनामीही तेव्हापासूनची. आमच्या पिढीनं कॉलेजात तो दोन पंखांचा शिकला. दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, त्यात एक पंख सुटतो, दुसरा धरून राहतो. पेशंटला कळत नाही, आणि सुटलेल्या पंखाखाली दात कुजत राहतो. माझ्या स्वतःच्या हातून असे दोन झालेत.

एकच पंख ठेवला तर ही भानगडच उरत नाही. सुटला तर पूर्ण सुटतो, हातात येतो. जर्मनीत कील इथल्या माथियास केर्न यांच्या गटानं २०११ मध्ये पुढच्या दातांच्या सिरॅमिक ब्रिजचे दहा वर्षांचे आकडे दिले. दोन पंखांचे ७३.९ टक्के टिकले, एका पंखाचे ९४.४ टक्के. आधार कमी केल्यावर टिकाव वाढतो हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. जबडा अजून वाढतोय, तर एकाच दाताला बांधलेला दात त्याच्यासोबत खाली उतरेल, दोघांना एकमेकांत जखडणार नाही.

पंख अकराच्या पाठीवर. बावीस लहान, त्याच्यावर पूर्ण पटाशीचा भार टाकणं बरं नव्हे. अकराचा तुटलेला कोपरा नशिबानं बाराकडचा होता. जोड येणार ती बाजू कोरी होती.

रंग आधी बघितला, इतर काहीही करायच्या आधी. तोंड दहा मिनिटं उघडं राहिलं की दात सुकतात आणि खोटे पांढरे दिसतात. त्या रंगावर दात मागवला की तोंडात भिंतीला चुना लावल्यासारखा दिसतो. अकरावर कडेला दोन अंधूक पांढरे ठिपके होते, तेही फोटोत धरून लॅबला पाठवले. अकराच्या मागं फक्त कवचात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास घासलं. पंखाला जागेवर अचूक बसता यावं म्हणून बारीक खाच आणि एका बाजूला उथळ कोनाडा. भूल द्यावी लागली नाही. झिर्कोनियाचा, म्हणजे पांढऱ्या कणखर सिरॅमिकचा, पंख ०.७ मिलिमीटर जाड, जोड तीन मिलिमीटर उंच आणि दोन रुंद. त्याहून बारीक जोड मोडतो.

खर्च ब्रिजपेक्षा कमी आला, इम्प्लांटच्या पाव भागाइतका. मे महिन्यात दात चिकटवला. आईनं आरसा घेतला आणि मुलाऐवजी स्वतःच बराच वेळ त्यात त्याच्याकडे बघत राहिली.

डिसेंबरमधला फोन

आठव्या महिन्यात सुभेदारांचा फोन. ऊस खाताना दात निघाला, रुमालात आहे. या वेळी कौलांवर गेला नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

ऊस हे कारण मी मान्य केलं असतं तर सोपं होतं. पण सुटलेला पंख भिंगाखाली धरला तर त्याची आतली बाजू स्वच्छ होती आणि सिमेंटचा थर सगळा दातावर राहिला होता. म्हणजे दाताची पकड उत्तम, झिर्कोनियाची कच्ची. चूक माझी होती. मे महिन्यात दात आधी तोंडात घालून बघितला, त्याला लाळ लागली, आणि चिकटवण्यापूर्वी मी तो नुसता स्पिरिटनं पुसला. लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला धरून बसतात, ते स्पिरिटनं निघत नाहीत. आणि ज्या रसायनानं सिमेंटची पकड व्हायची, त्याची जागा ते आधीच अडवतात. पंखावर अ‍ॅल्युमिनाच्या बारीक रेतीचा फवारा पुन्हा मारायला हवा होता. पुस्तकात आहे, मला माहीतही होतं. त्या दिवशी बाहेर अकरा पेशंट बसले होते.

या वेळी दातावरचं जुनं सिमेंट काढलं, रबराचा पडदा लावून दात लाळेपासून वेगळा केला, पंख तोंडात घालून बघितल्यावर ५० मायक्रॉनच्या रेतीनं हलक्या दाबात पुन्हा खरवडला आणि मग चिकटवला. पैसे घेतले नाहीत. ज्येष्ठ स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बघ, ब्रिज निघाला नसता.” खरं आहे. पण हा दात निघाला तेव्हा अकरा आणि बावीस जसे होते तसेच होते, वीस मिनिटांत काम झालं. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

खेळण्यासाठी त्याच्या मापाचा रबरी माउथगार्ड करून दिला. पहिले काही सामने त्यानं घातला नाही, पोरं हसतात म्हणून. मग संघातल्या आणखी एकाचा ओठ फाटला आणि एका आठवड्यात चार माउथगार्डची ऑर्डर आली.

सध्या तो एकोणीस वर्षांचा आहे. दुसऱ्यांदा चिकटवलेला दात दीड वर्ष टिकून आहे, अकरा जिवंत आहे, हिरडीची वाटी जागेवर आहे. ओठाकडून मात्र एकवीसच्या वर हाडाचा हलका खड्डा दिसायला लागलाय, बोट फिरवलं की कळतो. पुढेमागे इम्प्लांट करायचा तर तो भरावा लागेल. करायचाच आहे का, असं मुलगा आता विचारतो. चालतंय तोवर चालू दे, असं माझं मत.

दर सहा महिन्यांनी आला की मी त्याला दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर पेन्सिलीची रेघ ओढते. उंची थांबली म्हणजे जबडा थांबला असं नाही, तो मागून चालत राहतो. पण उंचीच थांबली नसेल तर डोक्याचा एक्स-रे काढायची घाई करण्यात काही अर्थ नाही. गेल्या महिन्यात रेघ ओढून झाल्यावर सुभेदारांनी खिशातून चष्मा काढला आणि वाकून बघितलं. जुन्या आणि नव्या रेघेत अजून चार मिलिमीटरचं अंतर आहे.